लघवी मोजणारं हॉस्पिटल (५ पैकी ४ स्टार)

हॉस्पिटलला रेटिंग देताना लोक एसी बघतात, लिफ्ट बघतात, रिसेप्शनवर नीट बोलतात का ते बघतात. मी आता एकच बघतो, पेशंटची लघवी दर तासाला मोजून कोणी कागदावर लिहितं का. हसू नका, आमच्या आत्येभावाच्या किडन्या त्या कागदामुळे वाचल्या असं माझं सरळ मत आहे. हॉस्पिटल कणकवली-कुडाळ पट्ट्यातलं, हायवेपासून जवळ, नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि उगाच कोणाचे फोन नकोत.

झालं काय ते थोडक्यात सांगतो. जुलैचा पाऊस, दादा रात्री मांगरात म्हशी बघायला गेला आणि मातीत बांधलेली जुनी चिऱ्यांची भिंत बसली ती त्याच्या पायांवर, मांडीपासून खाली सगळं चिऱ्यांखाली. वयनीला वाटलं वरच्या घरात झोपला असेल, त्यामुळे सापडला पहाटेच. शुद्धीत होता, बोलत होता, "पाय कायच दुखणत नाय रे, हे चिरे काढा आदी" म्हणत होता. वाडीतली माणसं चिरे उचलायला वाकली तेवढ्यात १०८ आली आणि त्यातल्या डॉक्टरने सगळ्यांना थांबवलं, म्हणाला आधी सलाईन, मग चिरे. एक जण ओरडलाच, "माणूस मराक लागलो आणि ह्यो बाटल्यो लावता!" पण डॉक्टर हलला नाही. चिखलात गुडघे टेकून मोबाईलच्या उजेडात शीर शोधली, एका पोराला बाटली वर धरून उभं केलं, दुसऱ्याने त्याच्यावर छत्री धरली. एकाने मांडीला सुंभ आवळून बांधायला घेतलं होतं ते पण सोडायला लावलं, रक्त वाहत नसेल तर बांधायचं नाही म्हणाला.

हे असं का ते नंतर आयसीयूच्या डॉक्टरांनी समजावलं, याला क्रश सिंड्रोम म्हणतात. तासन् तास दबलेले स्नायू आतून मरायला लागतात, आणि वजन उचललं की रक्त परत फिरतं आणि त्या मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (स्नायूंतलं एक प्रोटीन) एकदम अंगभर जातं. पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं, मायोग्लोबिन किडनीच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं, आणि वर अंगातलं पाणी सुजणाऱ्या पायात ओढलं जातं म्हणजे किडनीला रक्तच कमी. म्हणून चांगला बोलणारा माणूस बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात जाऊ शकतो, किंवा तेव्हा वाचला तर दोन-चार दिवसांनी लघवी बंद होऊन जातो. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा बायवॉटर्स आणि बील या दोघांनी ढिगाऱ्यातून काढलेल्या असल्याच पेशंटांवर लिहिलं होतं, म्हणजे गोष्ट काय नवीन नाही. मोठ्या माणसाला साधं नॉर्मल सलाईन तासाला साधारण एक लिटर, जमलं तर वजन उचलायच्या आधीपासून, आणि दोनेक तासांनी निम्मं, असा हिशोब असतो. म्हातारं माणूस किंवा हार्ट पेशंट असेल तर कमी. आता कोणी याचा अर्थ असा काढू नका की माणूस दबलेला असताना हात बांधून बघत बसायचं. नुकताच दबला असेल किंवा मदत यायचीच नसेल तर काढायचाच. मी सांगतोय ते बराच वेळ अडकलेल्याचं.

पहिल्यांदा जवळच्या दुसऱ्या एका हॉस्पिटलला नेलं, त्याला शून्य स्टार. एक्स-रे काढला, म्हणे फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे, पेनकिलरचं इंजेक्शन मारून संध्याकाळी घरी न्या. वर आरएलची (रिंगर लॅक्टेट, एक प्रकारचं सलाईन) बाटली लावली. डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर अशा वेळी किडनीवर अजून भार टाकते आणि आरएलमध्ये पोटॅशियम असतं, म्हणजे जे दोन नको तेच दोन. ईसीजी नाही, लघवीची विचारपूस नाही. मुका मार या दोन शब्दांत आपल्याकडे किती माणसं घरी पाठवत असतील देव जाणे.

आता ज्याचा रिव्ह्यू आहे ते हॉस्पिटल. स्ट्रेचर आत गेल्या गेल्या पहिला ईसीजी काढला, पेपर बघून कॅल्शियमचं इंजेक्शन, मग ग्लुकोजमधून इन्सुलिन. दादाला शुगर नाही म्हणून काकी घाबरल्या, तर सिस्टरने सांगितलं इन्सुलिन पोटॅशियम खाली आणायला दिलंय. मग कॅथेटर टाकला आणि पिशवीत जे आलं ते कोऱ्या चायच्या रंगाचं. पाय वरून धड दिसत होते पण पोटऱ्या ताणून दगड झालेल्या, बोटं हलवली की दादा कळवळायचा. सर्जन दिवसभर येऊन येऊन दाबून बघत होते, शेवटी एका पोटरीला चीर देऊन प्रेशर सोडावं लागलं. सीपीके नावाची रक्ताची टेस्ट असते, स्नायू किती मेले ते त्यात कळतं, पाच हजाराच्या वर गेलं की किडनीला धोका धरतात, याचं त्याच्या कितीतरी पट.

आणि तो कागद. पलंगाच्या पायाला क्लिपबोर्ड, त्यावर तास, किती सलाईन गेलं, किती लघवी आली, रंग. रात्री तीनला पण सिस्टर वाकून पिशवीच्या रेघा बघून आकडा लिहायची. मला आधी ही कारकुनी वाटली, पण सगळी ट्रीटमेंट त्या आकड्यावर चालते. तासाला दोनशे-तीनशे मिली येत असेल तर सलाईन जोरात चालू ठेवता येतं, किडनी धुतली जाते. येतच नसेल आणि तरी बाटल्या चढवत राहिले तर पाणी फुफ्फुसात भरतं. न मोजता सलाईन म्हणजे दोन्हीकडून मरण. सोडा बायकार्ब आणि मॅनिटॉल या किडनी वाचवायला देतात त्या औषधांबद्दल मी विचारलं (गूगल केलं होतं), डॉक्टर म्हणाले गरज बघून देतो, पण साध्या सलाईनपेक्षा ते सरस आहे असं पक्कं सिद्ध नाही, खरा फरक लवकर सुरू करण्यात. हे उत्तर मला आवडलं, मोठमोठी नावं सांगून बिल फुगवलं नाही.

अजून एक. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे शहाळी आलीच, आणि दादाकडे तर ढीग लागला, मामा माडावरून उतरवून थेट घेऊन आलेला. सिस्टरने दारातच अडवलं, नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, एक घोट पण नाही. केळी नाहीत, फळांचा ज्यूस नाही. मामा चिडला, "गाववाल्यांच्या प्रेमाक पण रेट लावतत काय" वगैरे, पण सिस्टर हसून ठाम. शहाळी मग वॉर्डबॉय आणि आम्ही मिळून संपवली. या एका सिस्टरला मी वेगळे पाच स्टार देतो.

तक्रारी. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) चढत गेलं आणि डायलिसिस लागला, तर रात्री टेक्निशियन नाही! मशीन आहे, पाणी आहे, पण चालवणारा माणूस सकाळी येणार. त्या रात्री गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला हलवायचं का यावर आम्ही कॉरिडॉरमध्ये भांडत बसलो, औषधांनी पोटॅशियम कसंबसं दाबून ठेवलं म्हणून निभावलं. किडनीचे स्पेशालिस्ट पण रोज नसतात, ठरलेल्या दिवशी बाहेरून येतात, बाकी वेळ फोनवर. पावसाळ्यात दरडी कोसळणाऱ्या पट्ट्यात हे बरोबर नाही. २०२० ला महाडची बिल्डिंग पडली, २०२१ ला तळीये गेलं, उद्या आपल्याकडे तसं झालं आणि ढिगाऱ्यातून पाच-सहा जण एकदम आले तर काय करणार? तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपात ४७७ जणांना डायलिसिस लागला होता.

बाकी, डायलिसिस काही वेळा झाला आणि मग लघवी आपोआप वाढत गेली, रंग उतरला, क्रिएटिनिन खाली आलं. अशा प्रकारात किडनी बहुतेकदा परत सुरू होते, माणूस तोवर टिकवायला लागतो. दादा आता काठी घेऊन चालतो, पेनकिलर स्वतःच्या मनाने घ्यायची नाही एवढं बजावलंय.

एक स्टार कापला तो रात्रीच्या टेक्निशियनसाठीच. बिल झेपण्यासारखं, महात्मा फुले योजनेचं काउंटर आहे पण रेशन कार्ड आणि आधार ओरिजिनल घेऊन जा, झेरॉक्सवर परत पाठवतात. कॅन्टीनची उसळ बरी, चहा नको. पार्किंगमध्ये पावसात घोटाभर पाणी साचतं, गाडी गेटबाहेरच लावा.