गुग्गुळाच्या नावाखाली विकलेले स्टेरॉइड

आईच्या संधिवातासाठी मी गेल्या वर्षी एका शिबिरातून ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ चूर्ण घेतले, डब्याला १,८०० रुपये मोजून. सोबतच्या पत्रकात गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन, सालईच्या डिंकातील बॉस्वेलिक आम्ले आणि हळदीतील कर्क्युमिन यांची नावे रचनासूत्रांसह छापलेली होती, आणि ही संयुगे त्या त्या वनस्पतींत खरोखरच असतात, त्यामुळे मला शंका आली नाही.

चार दिवसांत आई कठडा न धरता जिना उतरू लागली. खरे तर तेव्हाच खटकायला हवे होते. हळदीत कर्क्युमिन शंभरात जेमतेम दोन ते पाच भाग असते आणि त्यातलेही फारच थोडे रक्तात उतरते, तेव्हा अर्धा चमचा चूर्णाने इतका झटपट आराम पडावा कसा? तिसऱ्या महिन्यात तिचा चेहरा सुजून गोल झाला, जरासे काही लागले तरी हातावर काळेनिळे डाग उठू लागले आणि पूर्वी कधी नसलेली साखर वाढली. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा संशय घेतला, तेव्हा विक्रेता फोनवर म्हणाला, “अहो, गुग्गुळात स्टेरॉइड असतंच, ते नैसर्गिक आहे.” यातली लबाडी अशी की गुग्गुलस्टेरोनच्या रेणूचा चार कड्यांचा सांगाडा स्टेरॉइडचाच असतो, मात्र ते कॉर्टिसोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडसारखे काम करत नाही.

औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने शिक्षकांच्या परवानगीने चूर्णाचा अर्क, अस्सल गुग्गुळाचा अर्क आणि डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड यांचे ठिपके क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगवेगळ्या उंचीवर सुटे करणाऱ्या, एकाच पट्टीवर शेजारी शेजारी चढवले. अतिनील दिव्याखाली चूर्णाचा गडद ठिपका नेमका डेक्सामेथासोनच्या उंचीवर दिसला. गुग्गुळाच्या रांगेतले ठिपके चूर्णात नव्हतेच, म्हणजे गुग्गुळ घालण्याचेही कष्ट त्यांनी घेतले नव्हते.

संतापून मी चूर्ण तत्काळ बंद करणार होतो, डॉक्टरांनी अडवले. असे औषध महिनोन्‌महिने पोटात गेल्यावर शरीर स्वतःचे कॉर्टिसोल हे नैसर्गिक स्टेरॉइड संप्रेरक बनवणे कमी करते, आणि मग ते एकाएकी थांबवल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. कुणाला असा संशय आल्यास डबा फेकू नये, तो घेऊन डॉक्टरांकडे जावे.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार लिहायला बसलो, तेव्हा डब्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक यांपैकी काहीच सापडले नाही. पावती तर मी मागितलीच नव्हती. डॉक्टरांनी चूर्णाऐवजी दिलेल्या आणि मात्रा उतरवत आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळीचा चतकोर तुकडा आई अजून रोज सकाळी घेते, आणि जिना पुन्हा कठडा धरूनच उतरते.