पहिली स्कॉच: ब्लेंडेड, सिंगल माल्ट की धुराची?

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच वाईन शॉपमध्ये गिऱ्हाईक काउंटरच्या बाहेर उभे असते, बाटल्या मागच्या फळीवर असतात आणि पाठीमागच्या गर्दीची घाई चाललेली असते. त्यामुळे पहिल्यांदा स्कॉच घेणारा माणूस लेबल न वाचता किंमत आणि वर्षांचा आकडा एवढ्यावरच निर्णय घेऊन मोकळा होतो. नवख्याला हे दोन्ही निकष फारसे उपयोगी पडत नाहीत. बारा वर्षांच्याच दोन वेगवेगळ्या स्कॉचमध्ये धुराचा (बार्ली ज्या धुरावर वाळवतात त्याच्या वासाचा) आणि पिंपाचा जो फरक असतो, तो एकाच कारखान्याच्या बारा आणि अठरा वर्षांच्या बाटल्यांमधील फरकापेक्षा सरावाविनाही अधिक ठळकपणे कळतो. म्हणून येथे तुलना वयावर न करता व्हिस्की कशापासून बनली, तिच्यात धूर किती, ती कोणत्या पिंपात मुरली आणि घरी ती कशी प्यायली जाणार आहे, या प्रश्नांवर केली आहे.

आधी लेबलावर काय वाचावे, हे पाहू. ब्रिटनच्या २००९ च्या नियमांनुसार स्कॉच ही स्कॉटलंडमध्येच गाळलेली, तेथेच ओक लाकडाच्या ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवलेली आणि किमान ४० टक्के अल्कोहोल असलेली असावी लागते. पाणी आणि साधा कॅरॅमल रंग यांखेरीज तिच्यात काहीही घालता येत नाही. हा रंग घालण्याची मुभा असल्यामुळे गडद दिसणारी व्हिस्की अधिक मुरलेली असते, हा समज सोडून द्यावा. लेबलावरील वय हे बाटलीतील सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय असते, सरासरी नव्हे. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये (दारू गाळण्याच्या भांड्यात), एकाच कारखान्यात गाळलेली व्हिस्की. ‘ब्लेंडेड स्कॉच’मध्ये अशा माल्ट व्हिस्कीबरोबर गहू किंवा मका यांसारख्या धान्यापासून सलग चालणाऱ्या उभ्या स्टिलमध्ये गाळलेली, चवीला हलकी ग्रेन व्हिस्की मिसळलेली असते. ‘ब्लेंडेड माल्ट’ या तिसऱ्या प्रकारात ग्रेन व्हिस्की अजिबात नसते, मात्र माल्ट एकाहून अधिक कारखान्यांचे असतात. मंकी शोल्डर आणि जॉनी वॉकर ग्रीन लेबल ही त्याची आपल्याकडे दिसणारी उदाहरणे आहेत.

भारतातील खरेदीदाराने आणखी एक ओळ वाचली पाहिजे, ती म्हणजे बाटली कोठे भरली गेली. टीचर्स, ब्लॅक अँड व्हाइट आणि हंड्रेड पायपर्स या स्कॉच पिंपातून किंवा टाक्यांतून येथे आणून भारतात बाटलीबंद केल्या जातात आणि त्यामुळे त्या बऱ्याच स्वस्त पडतात. त्यांच्यावर दिसणारा ४२.८ टक्के हा विचित्र आकडा मद्याची तीव्रता मोजण्याच्या जुन्या ब्रिटिश प्रूफ पद्धतीतून आलेला आहे, कारण त्या पद्धतीतील ७५ अंश म्हणजे आजचे ४२.८ टक्के होतात. भारतात भरलेली स्कॉच नकली असते, असे काही जाणकार म्हणवणारे सांगतात, पण ते खरे नाही. आतला द्रव स्कॉटलंडमध्येच गाळून मुरवलेला असतो. या गटात माझे मत टीचर्सच्या बाजूने आहे, कारण तिच्यात आर्डमोर या स्कॉटलंडच्या हायलँड भागातील कारखान्याचा किंचित धुरकट माल्ट असतो आणि सोडा घातल्यानंतरही तो धूर टिकतो. ज्याला स्कॉच आवडेल की नाही याचीच खात्री नाही आणि जो आजवर उसाच्या मळीपासूनच्या स्पिरिटवर बेतलेली देशी व्हिस्की पीत आला आहे, त्याने येथून सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

ज्याचे बजेट यापुढे जाते त्याच्यासमोर बहुधा जॉनी वॉकर ब्लॅक लेबल आणि शिवास रीगल या बारा वर्षांच्या दोन ब्लेंडेड बाटल्या येतात. दोन्हींची किंमत जवळपास असल्याने लोक त्यांना एकाच मापाने मोजतात, पण त्यांचा स्वभाव भिन्न आहे. शिवासचा कणा स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील स्ट्रॅथआयला या कारखान्याच्या माल्टचा आहे. त्यामुळे ती गोडसर, मधाची आणि पिकलेल्या सफरचंदाची आठवण देणारी आणि धुरापासून जवळजवळ मुक्त असते. ब्लॅक लेबलमध्ये सुक्या मेव्याचा गोडवा आहेच, पण त्याच्या मागे आयला बेटावरच्या माल्टचा धूर स्पष्ट उभा असतो. बर्फ आणि सोडा घातला की शिवास पातळ होत जाते आणि शेवटी गोड पाण्यासारखी उरते, तर ब्लॅक लेबल अखेरपर्यंत आपले अस्तित्व दाखवत राहते. म्हणून घरी चार माणसे जमणार असतील, बर्फाचा ट्रे रिकामा होणार असेल आणि चखण्याला मसाला पापड व तळलेले बोंबील येणार असतील, तर ब्लॅक लेबल घ्यावी. एकटा माणूस जेवणाआधी थोडे पाणी घालून सावकाश पिणार असेल आणि धुराचे त्याला मुळीच प्रेम नसेल, तर शिवास ठीक. ब्लेंडेड म्हणजे खालच्या दर्जाची, ही समजूतही येथेच बाजूला ठेवावी. दोन्हींमागे डझनावारी व्हिस्की चाखून दरवर्षी तीच चव जुळवण्याचे कसब आहे आणि ब्लॅक लेबलसारखी समतोल बाटली तिच्या किमतीत सिंगल माल्टमध्ये मिळणे कठीण आहे.

तरीही एका कारखान्याची चव कळावी, ही ओढ ज्याला आहे त्याने सिंगल माल्टकडेच जावे. आपल्याकडच्या दुकानांत सहज दिसणाऱ्या ग्लेनफिडिक, ग्लेनलिवेट आणि ग्लेनमॉरंजी या तीन नावांत निवड करताना नवखा गोंधळतो, कारण तिन्हींत धूर नाही, तिन्ही सौम्य आहेत आणि नावेही सारखी वाटतात. ग्लेनलिवेटचा संस्थापक जॉर्ज स्मिथ याने १८२३ चा अबकारी कायदा आल्यानंतर १८२४ मध्ये रीतसर परवाना घेतला. चोरून दारू गाळणाऱ्या शेजाऱ्यांचा त्याच्यावर इतका राग होता की तो पिस्तुले बाळगून फिरत असे. ग्लेनफिडिक हा डफटाउन गावातील विल्यम ग्रांट यांचा कारखाना असून तेथे पहिला थेंब १८८७ च्या नाताळच्या दिवशी गाळला गेला. ग्लेनमॉरंजी स्पेसाइडची नाही, ती उत्तर हायलँडमधील टेन या गावची, आणि तिच्या स्टिलच्या माना स्कॉटलंडमध्ये सर्वांत उंच आहेत. उंच मानेतून जड वाफ वर चढू न शकता परत खाली पडते आणि हलकी वाफच पुढे जाते. तिच्या नाजूकपणाचे कारण हे आहे.

चवीत बोलायचे तर बारा वर्षांच्या ग्लेनफिडिकमध्ये नासपतीचा वास सर्वांत आधी येतो आणि घोट गेल्यावर तोंडात फारसे काही उरत नाही. नवख्याला ती सोपी जाते आणि लवकर कंटाळवाणीही होते. ग्लेनलिवेट जराशी भरीव आहे, तिच्यात अननसासारखा फळांचा गोडवा आणि शेवटी लाकडाचा किंचित कडवटपणा येतो. ग्लेनमॉरंजी ओरिजिनल केवळ बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरते, त्यामुळे तिच्यात व्हॅनिला आणि संत्र्याच्या सालीचा सुगंध अगदी स्वच्छ कळतो. २०२४ पासून ती दहाऐवजी बारा वर्षांची झाली आहे, परंतु जुन्या साठ्यातल्या बाटलीवर १० हा आकडा अजून दिसू शकतो. माझा कौल ग्लेनमॉरंजीला आहे. तिच्यात दुसऱ्या कोणत्या पिंपाची सरमिसळ नसल्यामुळे बर्बनचे पिंप व्हिस्कीला नेमके काय देते, हे एकाच बाटलीतून शिकता येते आणि पुढे शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपात मुरलेली एखादी व्हिस्की घेतली की मनुका, खजूर, दालचिनी असा फरक लगेच ओळखता येतो. मात्र या तिन्हींवर बर्फाचे चार खडे आणि सोड्याची अर्धी बाटली ओतायची असेल, तर जास्तीचे पैसे वाया गेले असे समजावे.

आता धुराचा प्रश्न, ज्यावर लोकांचे सर्वांत तीव्र मतभेद असतात. दलदलीत शेकडो वर्षे साचलेल्या वनस्पतींच्या थराला पीट म्हणतात. तो वाळवून, पेटवून त्याच्या धुरावर बार्ली वाळवली की तो धूर दाण्यात मुरतो आणि व्हिस्कीपर्यंत पोहोचतो. स्काय बेटावरची दहा वर्षांची टॅलिस्कर आणि आयला बेटावरची दहा वर्षांची लाफ्रॉइग या दोन बाटल्यांची तुलना केली, तर धुराचेही प्रकार असतात हे कळते. टॅलिस्करमध्ये धुराबरोबर मिरपूड आणि समुद्राच्या खारेपणाची जाणीव आहे, पण त्याखाली गोडवाही आहे, आणि ४५.८ टक्के अल्कोहोलमुळे ती पाण्यात लगेच विरत नाही. लाफ्रॉइगचा धूर मात्र आयोडिनचा आणि दवाखान्यातल्या पट्टीचा वास घेऊन येतो. ज्याला तो आवडतो त्याला मग दुसरे काही चालत नाही, आणि ज्याला आवडत नाही तो बाटली पाहुण्यांवर खपवत बसतो. म्हणून या दोन्हींपैकी कोणतीही बाटली न चाखता घरी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घोडबंदर रोडकडे किंवा वाशी-बेलापूरकडे बऱ्यापैकी बार असलेल्या हॉटेलांत सिंगल माल्ट पेगच्या हिशेबाने मिळते. तेथे ३० मिलिचा स्मॉल पेग मागवावा, तो महाग वाटला तरी पूर्ण बाटली अंगावर पडण्यापेक्षा स्वस्तच ठरतो. धुराकडे हळूहळू जायचे असेल, तर मधली पायरी म्हणून पंधरा वर्षांची ग्रीन लेबल उत्तम आहे, कारण तिच्यात टॅलिस्कर आणि कल इला यांचा धूर लिंकवुड आणि क्रॅगनमोर या सौम्य माल्टांनी सांभाळलेला असतो. आगरी-कोळी पद्धतीच्या तळलेल्या सुरमईबरोबर टॅलिस्कर जितकी जुळते तितकी कोणतीही स्पेसाइड जुळत नाही. त्या हिरव्या वाटणापुढे ग्लेनफिडिक पार दबून जाते.

पिण्याच्या पद्धतीचा उल्लेख वारंवार झाला आहे, तो अकारण नव्हे. ४० टक्क्यांची व्हिस्की खूप थंड झाली की बोथट होते, कारण गारव्यात सुगंध उडत नाही आणि जीभ बधिर होते. तुलना करायची असेल त्या दिवशी तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्यावा, तसा नसल्यास वाईनचा छोटा ग्लास चालतो. दोन्ही व्हिस्की २०-२० मिलि शेजारी शेजारी ओताव्यात, आधी नुसत्या हुंगाव्यात, नंतर एकेक घोट घ्यावा आणि मग चमचाभर साधे पाणी घालून पुन्हा हुंगाव्यात. नाक ग्लासात खुपसू नये, थोडे अंतर ठेवावे, नाहीतर अल्कोहोलचा झणका सोडून काहीच कळत नाही. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की वास अधिक रेंगाळतो, मात्र स्वयंपाकघरात फोडणी चालू असताना हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. आर्डबेगसारखी ४६ टक्क्यांची आणि बाटलीत भरण्याआधी थंड करून फिल्टर न केलेली व्हिस्की बर्फ घातल्यावर गढूळ झाली, तर ती खराब आहे असे समजू नये. जे तेलकट घटक इतर कंपन्या अशा फिल्टरने काढून टाकतात ते तिच्यात शिल्लक असतात, एवढेच.

पैशाच्या बाजूला थोडक्यात तीन गोष्टी. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, तेव्हापासून विमानतळावरून आणलेली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली बाटली यांच्या किमतीतले अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही. २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत-ब्रिटन करारात केंद्राचे आयात शुल्क १५० वरून ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे, पण दुकानातली किंमत राज्याच्या करावरही अवलंबून असल्याने त्या आशेवर खरेदी लांबवण्याचे कारण नाही. परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, तेव्हा त्याला येथे सहज मिळणारी ब्लॅक लेबल न सांगता येथे न दिसणारे एखादे नाव सांगावे. गोव्याहून गाडीत बाटल्या घालून आणण्याचा सल्ला मित्रमंडळी हमखास देतात. परवान्याशिवाय तसे करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे. शिवाय आपल्याकडे व्हिस्कीसाठी वयाची पंचविशी पूर्ण असावी लागते आणि पिण्याचा परवानाही लागतो, जो दुकानात एक दिवसाचा किंवा अर्ज करून दीर्घ मुदतीचा मिळतो.

हिशेब करताना ७५० मिलिच्या बाटलीत ६० मिलिचे साडेबारा लार्ज पेग निघतात, हे ध्यानात ठेवून प्रत्येक पेगची किंमत काढावी. तसे केले की ग्लेनमॉरंजी आणि ब्लॅक लेबल यांतले अंतर बाटलीच्या किमतीवरून वाटते तितके मोठे राहत नाही. एकच बाटली घ्यायची असेल आणि ती मुख्यतः चारचौघांत फुटणार असेल, तर ब्लॅक लेबल. शांतपणे चव शिकायची असेल तर ग्लेनमॉरंजी. दोन बाटल्यांचे बजेट असेल, तर ग्लेनफिडिक आणि ग्लेनलिवेट ही लोकप्रिय जोडी मुद्दाम टाळावी, कारण दोन्ही एकाच भागातल्या, बिनधुराच्या आणि बारा वर्षांच्या असल्याने त्यांतून शिकायला फार थोडे मिळते; त्याऐवजी ग्लेनमॉरंजीच्या जोडीला ग्रीन लेबल घ्यावी. अठरा वर्षांची बाटली या टप्प्यावर घेऊ नये. आणलेल्या बाटल्या उभ्याच ठेवाव्यात, कारण आडव्या बाटलीत अल्कोहोल बूच खाते, आणि त्या उन्हाच्या खिडकीपासून दूर, कपाटात ठेवाव्यात. बाटली अर्ध्याच्या खाली आली की आतल्या हवेमुळे सुगंध काही महिन्यांत मंदावतो, म्हणून दुसरी जोडी पहिली संपत आल्यावरच फोडावी.