कुत्रीची लघवी गळते: कोल्पोसस्पेन्शन की कृत्रिम स्फिंक्टर?

ताई, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या कुत्रीची गादी रोज सकाळी ओली सापडते तेव्हा काय वाटतं ते मला माहितीये, आमची उठली की खाली गोल डाग आणि ती बिचारी स्वतःला चाटत बसायची. आधी फेनिलप्रोपॅनोलामाइन किंवा एस्ट्रिऑलच्या गोळ्या नीट देऊन बघा, वजन उतरवा, आणि मूत्रनलिका (मूत्रपिंडातून मूत्राशयात येणारी नळी) चुकीच्या जागी उघडत नाही ना हे तपासून घ्या. एवढं करूनही गळत असेल तरच सर्जरी.

कोल्पोसस्पेन्शनमध्ये योनीमार्ग पुढे ओढून टाक्यांनी बांधतात, त्यामुळे मूत्राशयाची मान पोटात सरकते आणि पोटाचा दाब तिला बंद ठेवायला मदत करतो. आत कुठली वस्तू राहत नाही, खर्चही कमी. पण पूर्ण कोरड्या होतात साधारण निम्म्याच, आणि काही महिन्यांनी गळणं परत येऊ शकतं, मग गोळ्या चालूच.

कृत्रिम स्फिंक्टर म्हणजे मूत्रमार्गाभोवती सिलिकॉनची रिंग आणि तिला जोडलेला, कातडीखाली बसवलेला छोटा पोर्ट, म्हणजे सुईने सलाइन भरायची जागा. साधारण 6 आठवड्यांनी, गळत असेलच तर, त्यात थोडं थोडं सलाइन भरून रिंग घट्ट करतात, परत भूल द्यायची गरज सहसा नाही, मला हेच सगळ्यात पटलं कारण नंतरही कमीजास्त करता येतं. टिकतंही जास्त. मात्र डिव्हाइस महाग, इन्फेक्शन होऊ शकतं आणि मूत्रमार्ग आवळला तर लघवी अडते, तेव्हा लगेच धावावं लागतं.

बजेट कमी असेल आणि सोबत गोळ्या चालणार असतील तर कोल्पोसस्पेन्शन. कुत्री तरुण असेल, गोळ्या सोसत नसतील आणि अनुभवी सर्जन जवळ असेल तर स्फिंक्टर.