गोटेक फ्लॉपी एम्युलेटर: जुन्या ३८६ ला लावून वापरल्यावर काय वाटलं

ज्यांच्याकडं फ्लॉपीवर चालणारं जुनं मशीन आहे आणि ते कपाटात न ठेवता खरंच वापरायचंय त्यांनी गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसून पेनड्राइव्हवरच्या फाइली मशीनला फ्लॉपी म्हणून दाखवणारा डबा) घ्या, सरळ सांगतो. पण आतलं फर्मवेअर, म्हणजे त्या डब्याला चालवणारा प्रोग्रॅम, बदलायच्या तयारीनं घ्या, नुसता बॉक्समधनं काढून लावणार असाल तर आपल्या छंदाला त्याचा निम्मापण उपयोग नाही.

माझ्याकडं ३८६ प्रोसेसरचा जुना पीसी आहे, त्यावर डॉस ६.२२ ही ऑपरेटिंग सिस्टम, आणि आत सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड. विंडोजवरचे मराठी फॉन्ट घरोघरी यायच्या आधी डॉसच्या साध्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसायची ती या कार्डावर, आजपण मशीन चालू करून काळ्या स्क्रीनवर मराठी अक्षरं उमटली की अंगावर काटा येतो. ते सगळं चालू राहायचं तर फ्लॉपी पाहिजे आणि फ्लॉपीचंच अवघड झालंय. सोनीनं २०११ मध्ये बनवायच्या बंद केल्या, आता मिळतो तो जुना स्टॉक, त्यात आपला कोल्हापूरचा पाऊस. जुलै-ऑगस्टात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं फ्लॉपीचं काय घेऊन बसलाय. शटर सरकवून चकती उजेडात तिरकी धरून बघा, पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका, ड्राइव्हचं वाचणारं हेड घाण होतं आणि मग पुढची चांगली फ्लॉपीपण ओरखडते.

गोटेक साडेतीन इंची ड्राइव्हच्याच जागेत बसतो, तीच ३४ पिनची केबल, तीच छोटी पॉवरची पिन, फक्त ५ व्होल्ट लागतात. पुढं फ्लॉपीच्या फटीऐवजी यूएसबी, दोन बटणं आणि तीन आकड्यांचा डिस्प्ले. मुळात हा माल भरतकामाची मशीनं, जुने सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कारखान्यातली मशीनं) असल्या कामांसाठी खपतो, त्यामुळं शिरोली एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणाला विचारलंत तर कदाचित त्यानं हा आधीच हाताळलेला असेल. मला अडीच हजारांच्या आसपास पडला, ऑनलाइन किंमत वरखाली होत असते.

कंपनीच्या फर्मवेअरमध्ये पेनड्राइव्हचे नंबरी कप्पे पडतात आणि डिस्प्लेवर नुसता आकडा, म्हणजे ०१७ मध्ये काय होतं ते वहीत लिहून ठेवा. किअर फ्रेझर यांचं फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाकलं की नाद खुळा, साध्या फॅट३२ पेनड्राइव्हवर इमेज फाइली (एकेक म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची नक्कल) नावानिशी टाकायच्या, फोल्डर करायचे, आणि फुकट आहे, ओपन सोर्स आहे. पहिल्यांदा टाकताना दोन्ही टोकाला मोठी पिन असलेली यूएसबी केबल आणि बोर्डावर एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लागतो, कंपनीचं फर्मवेअर पुसलं जातं आणि परत आणता येत नाही, पण त्याची आठवण येईल असं काही त्यात नाहीच. पुढची अपडेट पेनड्राइव्हवरनंच होते, दोन्ही बटणं दाबून पॉवर द्यायची, झालं.

सोबत ०.९६ इंची ओलेड डिस्प्ले लावाच, जुन्या डिस्प्लेच्याच पिनांवर चार वायरी जातात आणि इमेजचं पूर्ण नाव दिसतं. एवढंच बघा की काही ओलेडमध्ये पहिली पिन ग्राउंड असते आणि काहींमध्ये पॉवर, फोटो बघून जोडू नका, बोर्डावर छापलेलं वाचून जोडा.

पीसीला लावणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. केबलच्या पीळ असलेल्या टोकाला लावणार असाल तर गोटेकवरचा जंपर एस१ लिहिलेल्या पिनांवर पाहिजे, आणि पेनड्राइव्हवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये इंटरफेस आयबीएम पीसी करून ठेवा. नाहीतर होतं काय, ३४ नंबरच्या पिनवर पीसीला 'डिस्क बदलली' हा सिग्नल पाहिजे असतो, तो मिळाला नाही की तुम्ही इमेज बदलली तरी डॉस आधीच्याच फ्लॉपीची डिरेक्टरी दाखवत बसतं, आणि तशात काही सेव्ह केलं तर नव्या इमेजचा चुथडा.

खटकतं ते एवढंच की बॉडी हलकी प्लॅस्टिकची आहे आणि पेनड्राइव्ह पुढं बाहेर येतो, येता-जाता धक्का लागला तर यूएसबी सॉकेटच हलेल, त्यामुळं नखाएवढा छोटा पेनड्राइव्ह वापरा. आणि खऱ्या ड्राइव्हचा तो करकर आवाज नाही. तोपण बोर्डाला छोटा बझर जोडून आणता येतो, मी आणलाय, आणि त्याशिवाय मला करमत नाही. पाचपैकी साडेचार.

एक मात्र पक्कं लक्षात घ्या, गोटेक तुमच्या जुन्या फ्लॉप्या वाचत नाही, तो फक्त इमेज चालवतो. आपल्याकडं कितीतरी जुन्या छापखान्यांत, डीटीपीवाल्यांकडं डबेच्या डबे पडून असतील, पत्रिका, दिवाळी अंकांचा मजकूर, पतसंस्थांचे अहवाल. ते जपायचं असेल तर जुना ड्राइव्ह भंगारात घालू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसा, त्याच फ्रेझर यांचं ग्रीसवीझल बोर्ड (जुना ड्राइव्ह यूएसबीनं आजच्या कॉम्प्युटरला जोडणारं) घ्या आणि आधी इमेज काढून घ्या. फ्लॉपी आत घालायच्या आधी कोपऱ्यातली राइट प्रोटेक्टची खिडकी उघडी करून ठेवायची, म्हणजे चुकूनसुद्धा तिच्यावर काही लिहिलं जात नाही.