स्पीकरची वायर: फरशीवर की घोडीवर?

अँपपासून (अँप्लिफायरपासून) स्पीकरपर्यंत वायरीखाली लावायच्या छोट्या घोड्या मिळतात. काही चिनीमातीच्या, काही लाकडाच्या, काही ॲक्रिलिकच्या. चांगल्या नावाचा संच घ्यायचा तर काही हजार रुपये सहज जातात. वायर फरशीपासून चार बोटं वर गेली की आवाज मोकळा होतो, गाण्यामागची शांतता वाढते, असं विकणारे सांगतात. इंदुरात बसून हा खर्च करावा का? आवाजासाठी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वायर उचलण्याला दुसरी कारणं आहेत आणि ती बरी आहेत, पण त्यासाठी हजारो रुपये लागत नाहीत.

घोडीवाल्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा कपॅसिटन्सचा, म्हणजे दोन तारांच्या मधे विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेचा. फरशी किंवा गालिचा वायरीला चिकटून असला की तिच्याभोवतीचं विद्युतक्षेत्र बदलतं, असं ते म्हणतात. बदलतं हे खरं, पण किती? साध्या जोडवायरीचा कपॅसिटन्स मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास धरा. पाच मीटरला पाचशे. कानाच्या वरच्या टोकाला, म्हणजे २० किलोहर्ट्झला, त्याचा अडथळा होतो सुमारे १६,००० ओहम. त्याच्या शेजारी तुमचा स्पीकर ८ ओहमचा. करंट कुठून जाणार हे सांगायला नको. शिवाय हे गणित अख्ख्या वायरीचं झालं. क्षेत्र मुख्यतः दोन तारांच्या मधे असतं, फरशीच्या वाट्याला त्यातला छोटासा भाग येतो. त्या छोट्या भागातला फरक ऐकू येतो असं कुणी सांगितलं, तर मी चहा पाजून ऐकून घेतो, पाकीट काढत नाही.

दुसरा मुद्दा स्थिर विजेचा, गालिच्यावरची वीज वायरीत शिरते म्हणे. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा सिंथेटिक गालिच्यावरून चालत जाऊन अँपच्या धातूला हात लावला की चटका बसतो, कधी स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाजही येतो. पण ती वीज तुमच्या अंगावर साठलेली असते, वायर खाली आहे की वर याचा तिच्याशी संबंध नाही. वायरीतलं तांबं अँपच्या आउटपुटला जोडलेलं असतं आणि तिथला रोध ओहमच्या अंशात, त्यामुळे तांब्यावर असा भार टिकतच नाही. आणि ज्यांच्या घरी कोटा किंवा टाइल्स आहेत, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांनी गालिच्याचं भय बाळगायचं कशाला?

फरशीची कंपनं वायरीत शिरून आवाज बिघडवतात, या तिसऱ्या मुद्द्याबद्दल एवढंच, की हलवलं तर आवाज करणाऱ्या वायरी असतात, पण त्या गिटारच्या आणि टर्नटेबलच्या (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राच्या). स्पीकरच्या वायरीला तो त्रास नाही.

एक मात्र करू नका. काही जण घोड्यांवर दोन्ही तारा वेगळ्या करून, मधे अंतर ठेवून लावतात. दिसतं झकास. पण तारा एकमेकींपासून जितक्या दूर, तितका इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा विरोध, वाढतो आणि वरच्या स्वरांना तो अडवतो. म्हणजे पैसे देऊन, अगदी किंचित का होईना, नुकसानच घ्यायचं.

आता त्याच पैशात काय येतं ते पाहू. पाच मीटर अंतरासाठी अर्धा चौरस एमएमची बारीक वायर लावली असेल, तर जाऊन-येऊन रोध होतो साधारण ०.३४ ओहम. अडीच चौरस एमएमची लावली तर ०.०७. स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत वायरीचा रोध असावा, हा जुना ठोकताळा. ८ ओहमच्या स्पीकरला बारीक वायर कशीबशी चालून जाते, ४ ओहमच्याला नाही. हा फरक मीटरवर दिसतो, आणि ज्या स्पीकरचा रोध स्वरागणिक वरखाली होतो त्याचा रंगही थोडा बदलतो. महाराणी रोडवर वायर घ्यायला जाल तेव्हा एक टोक सोलून ब्लेडने तार खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, रोध तांब्याच्या दीडपट. दुकानदार ‘प्योर कॉपर है भैया’ म्हणाला तरी खरवडाच.

वायर हलवून खरंच फरक पडतो तो टर्नटेबलच्या बाबतीत. रेकॉर्डवर टेकणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या काट्यातून निघतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट, आणि शेजारी २३० व्होल्टची दोरी पडलेली. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटून हातभर गेल्या की ५० हर्ट्झची ‘घूंऽऽ’ सुरू. इथे टर्नटेबलची वायर बाजूला घ्या, पॉवरची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा, ॲडॉप्टर आणि इन्व्हर्टरपासून लांब ठेवा, आणि अर्थची बारीक तार अँपच्या स्क्रूला कसून बांधा. पॉवरच्या वायरींपासूनचं अंतर महत्त्वाचं, फरशीपासूनची उंची इथेही गौण.

आणि ज्या गालिच्याच्या धाकाने घोड्या खपतात, तोच गालिचा आपल्या हॉलचा आवाज सुधारतो. चार भिंती, टाइल्स आणि मोठी काच अशा खोलीत तान आदळून परत येते. स्पीकर आणि सोफा यांच्या मधे जाड सतरंजी टाका. हा बदल ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत, बायकोलाही स्वयंपाकघरातून कळतो.

तरीही मन मानत नसेल, तर विकत घेण्याआधी घरीच ताडून पाहा. इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँसाहेब यांची विलंबित बंदिश लावा, जिथे तंबोरा आणि हलका आवाज यांत लपवायला जागा नाही. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. वायरींवर पडदा, आणि दुसऱ्याने नाणं उडवून वायर वर किंवा खाली ठेवायची. तुम्ही खुर्चीतून हलायचं नाही, कारण ३ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ११ सेंटिमीटर, डोकं वीतभर सरकलं तरी आवाज बदलतो. दहा वेळा सांगा वर की खाली. सात बरोबर आली म्हणून उड्या मारू नका, नुसत्या अंदाजाने सांगणाऱ्या दर सहा जणांत साधारण एकाला सात किंवा जास्त मिळतात. नऊ आली तर मात्र माझं म्हणणं बाजूला ठेवा.

मग घोडी कोणाला उपयोगी? जिच्या घरी रोज ओला पोछा फिरतो तिला. ओल्या फडक्याने वायर ओढली जाते, कनेक्शन ढिलं होतं, तारेचे उघडे केसासारखे धागे एकमेकांना टेकले तर अँपचं आउटपुट जाऊ शकतं. त्यासाठी चहाचे रिकामे कुल्हड उलटे घालून, वरच्या बुडाला कानशीने खाच केली तरी काम भागतं. अजून चांगलं म्हणजे वायर भिंतीला स्कर्टिंगच्या वरून क्लिपा मारून नेणं, कारण घोडीवरची वायर वाटेत आली तर आजी-आजोबांचा पाय अडकतो. उंदीर असतील तर क्लिप आणि घोडी दोन्ही सारखीच, तिथे पीव्हीसीची पट्टी लावून वायर आत घालावी लागते.