चरईतलं सायकलवाल्या काकांचं दुकान, २०२० पासूनचा अनुभव

मी ठाण्यात पाचपाखाडीत राहते आणि चरईतल्या ह्या दुकानाबद्दल लिहायचं बरेच महिने मनात होतं. पाटी धड दिसत नाही, बाहेर टायर टांगलेत आणि रंग उडालेला हवेचा पंप ठेवलाय हीच खूण, जांभळी नाक्याकडून आत शिरलात की कुणालाही सायकलवाले काका कुठे बसतात विचारा, सांगतील. गेल्या आठवड्यात दोन सायकली ओव्हरहॉल करून आणल्या म्हणून आज लिहायला बसले, पण हे दुकान मला कळलं तेच मुळी कोरोनात, त्यामुळे तिथूनच सांगावं लागेल.

जुलै २०२० आठवतोय ना, सगळीकडे अनलॉक चालू आणि ठाण्यात मात्र २ तारखेपासून परत कडक लॉकडाऊन, तो वाढत वाढत १९ पर्यंत गेला. लोकल बंद, जिम मार्चपासून बंद (त्या उघडल्या थेट दसऱ्याला), मुलाची शाळा मोबाईलवर, आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतंय की चांगली सायकल कुठे मिळेल. ज्यांनी कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता त्यांनासुद्धा त्याच महिन्यात सायकल हवी झाली, आम्हालाही. एका मोठ्या शोरूममध्ये गेलो, नाव घेत नाही, तिथे ५,००० रुपये अ‍ॅडव्हान्स घेतला आणि सांगितलं पंधरा दिवसांत देतो. पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले. फोन केला की एकच उत्तर, पुढच्या कंटेनरमध्ये येतेय मॅडम. शेवटी पैसे परत मागितले तर त्यालाही सहा-सात फोन लागले, तो मनस्ताप वेगळाच.

तेव्हा मला वाटायचं हे लोक थापा मारतायत. पूर्ण थाप नव्हती ती, हे नंतर काकांकडे बसून कळलं. सायकल उत्पादकांच्या संघटनेचे आकडे तेव्हा पेपरात आले होते, मे ते सप्टेंबर २०२० ह्या पाच महिन्यांत देशात जवळपास ४२ लाख सायकली विकल्या गेल्या, मे महिन्यात साडेचार लाख आणि सप्टेंबरमध्ये एकदम ११ लाखांच्या वर. आणि हे फक्त आपल्याकडे नाही, अमेरिका-युरोपातही तीच झुंबड, सगळ्यांच्या जिम बंद आणि सगळ्यांना बस-ट्रेनची भीती. साधी बिनगिअरची सायकल लुधियानात पूर्ण बनते, पण तिथले कामगारच गावाला निघून गेलेले. आणि गिअरची असेल तर फ्रेम कुठलीही असो, गिअर बहुतेक वेळा जपानच्या शिमानो कंपनीचे, त्यांचे कारखाने जपानशिवाय सिंगापूर, मलेशिया, चीनमध्ये. म्हणजे जगातली निम्मीअधिक गिऱ्हाइकं एकाच दारात रांग लावून उभी. हे शोरूमवाल्याने सरळ सांगितलं असतं तर मी थांबले असते, राग थांबण्याचा नव्हता, पैसे अडकवून खोटी तारीख दिल्याचा होता.

तर मग मिस्टरांची २०१३ ची जुनी सायकल, जिन्याखाली धूळ खात पडलेली, ती ढकलत काकांकडे नेली. मनात होतं भंगारात द्यायची का ते विचारावं. काकांनी उलटी केली, चाकं फिरवून बघितली, फ्रेमच्या प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, हिला काय झालंय? वेल्डिंगला गंज नाही कुठे. नवीनचे पैसे राहू द्या, ही करून देतो." हब उघडून छर्रे बदलले, नवीन ग्रीस, मागच्या चाकाचा आउट काढला (म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ केलं), ब्रेक शू, चेन, दोन्ही ट्यूब. ८५० रुपये. तेव्हा लोक दुप्पट घ्यायला तयार होते आणि द्यायलाही, हे लक्षात घ्या. जुने छर्रे कागदाच्या पुडीत बांधून हातात दिले, बघून घ्या किती झिजलेत ते. ती पुडी अजून आमच्या खणात आहे.

दुसरा अनुभव फेब्रुवारी २०२१ चा आणि तोच माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा. मुलगा येऊरच्या चढावर गिअर बदलत होता आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आऱ्यांत अडकून पार वाकला. नवीन पार्ट नाही, ठाण्यात नाही, मुंबईत नाही. काकांकडे एक लाल रंगाची लांब वही आहे, किराणा दुकानात उधारीची असते तशी, त्यात त्यांनी मुलाचं नाव लिहिलं, पार्ट लिहिला आणि माझा नंबर लिहिला. आमच्या वर त्या पानावर वीस-बावीस नावं असतील, कुणाला चेन, कुणाला कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचा संच), कुणाला नुसती गिअरची केबल. अ‍ॅडव्हान्स देऊ का विचारलं तर म्हणाले, माल कधी येईल तेच मला माहीत नाही, मग तुमचे पैसे कशाचे घेऊ. तोपर्यंत चालावी म्हणून एका निकामी सायकलचा जुना डिरेलर काढला, रॉकेलने धुतला, बसवला, ३०० रुपये.

पुढच्या महिन्यात ते सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं जहाज टीव्हीवर, २३ मार्च ते २९ मार्च. मी आपलं विचारलं, काका आपला पार्ट त्यात नाही ना? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही चॅनलवर ऐकायला मिळालं नव्हतं. म्हणाले, सिंगापूर-जपानचा माल न्हावा शेवा बंदरात येतो तो त्या वाटेने येतच नाही, पण कंटेनरचे डबे तिकडे अमेरिका-युरोपात जाऊन अडकलेत, रिकामे परत यायला तयार नाहीत, मग इकडचा माल भरायचा कशात? आणि तसंच होतं ते. आशियातून तिकडे जाणाऱ्या मार्गांवर भाडं जास्त मिळत होतं म्हणून जहाजवाले तिकडेच धावत होते. मोठ्या मार्गांवर ४० फुटी कंटेनरचं सरासरी भाडं २०१९ मध्ये दीड हजार डॉलरच्या आसपास होतं, ते सप्टेंबर २०२१ मध्ये १०,००० डॉलरच्या वर गेलं. मध्येच एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट, कारखान्यांचा ऑक्सिजन हॉस्पिटलांकडे वळवला (तो वळवायलाच हवा होता), म्हणजे इकडचं कामही अडलं, आणि १ जूनपासून मलेशियात पूर्ण लॉकडाऊन. आमचा पार्ट आला नोव्हेंबर २०२१ मध्ये. फोन काकांनी स्वतःहून केला, नऊ महिन्यांनी, मी विसरूनसुद्धा गेले होते. पूर्वी ८०० ला मिळायचा तो १,२०० ला पडला आणि जुन्या पार्टचे ३०० त्यांनी त्यातून वजा केले. मी नको नको म्हणत होते. वहीत आमच्या नावावर रेघ मारली तेव्हा खरंच भरून आलं मला, त्या वर्षात इतक्या लोकांनी इतके शब्द फिरवले होते.

नंतर काय झालं ते तुम्हाला तुमच्या पार्किंगमध्येच दिसेल. माल मिळत नाही म्हणून दुकानदारांनी दोन-दोन तीन-तीन डिस्ट्रिब्युटरांकडे तीच ऑर्डर टाकून ठेवली, कंपन्यांना वाटलं मागणी अजून वाढतेय, आणि सगळा माल आला तेव्हा गिऱ्हाईक परत ऑफिसला, लोकलमध्ये, जिममध्ये. २०२३ मध्ये शिमानोची विक्री आदल्या वर्षापेक्षा जवळपास पंचवीस टक्क्यांनी घटली. काकांनाही वर्षभराचा स्टॉक एकदम उचला म्हणून गळ घातली होती, त्यांनी उचलला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की माझ्या गल्लीत किती सायकली रोज फिरतात ते मला दिसतं. आमच्या विंगखाली आज अकरा सायकली आहेत, आठांचे टायर बसलेत. घेताना किती हौसेने घेतल्या होत्या सगळ्यांनी, मला त्या बघवत नाहीत.

म्हणून गेल्या आठवड्यात आमची एक आणि शेजारच्या वहिनींची एक अशा दोन नेल्या. वहिनींची २०२० चीच, पन्नास किलोमीटरसुद्धा चालली नसेल, तरी टायरला भेगा आणि चेन गंजून काठीसारखी ताठ. आता काकांचा मुलगाही बसतो, हात चांगला आहे, थोडा घाईत असतो, माझ्या सायकलचा पुढचा ब्रेक जरा घासत होता, परत नेली तर तिथेच उभ्या उभ्या करून दिली. दोन्हींचे मिळून २,१५० झाले, त्यात वहिनींचे दोन टायर आले. बिल छापील नसतं, कागदावर लिहून देतात, पण प्रत्येक पार्टची किंमत वेगळी लिहितात. पैसे यूपीआयने घेतात, तो क्यूआर कोडही २०२० मध्येच लागला, त्याआधी फक्त रोख. एकट्या त्या वर्षात मार्चमधले महिन्याचे सव्वाशे कोटी यूपीआय व्यवहार ऑक्टोबरमध्ये २०० कोटींच्या वर गेले होते, त्यात आमच्या चरईचा वाटा होताच.

कमी काय ते पण सांगते. गाडी लावायला अजिबात जागा नाही, कारने जाऊच नका. दुपारी दीड ते साडेचार बंद. फोन बहुतेक वेळा उचलत नाहीत, समोर जाऊनच बोलावं लागतं. हायड्रॉलिक ब्रेक किंवा महागाची कार्बनची सायकल असेल तर ते स्वतःच सांगतात, हे माझ्याकडे नको, दुसरीकडे न्या. मे महिन्यात मुलांची गर्दी असते, तेव्हा चार दिवस धरून चाला, एरवी दोन. आणि नवीन सायकली फार नाहीत, मोजून पाच-सहा, पण लोकांनी दिलेल्या कोरोनातल्या सायकली ते नीट करून विकतात, मुलासाठी पहिलीच गिअरची घ्यायची असेल तर आधी तिथे बघा, साडेतीन-चार हजारांत चांगली मिळून जाते आणि तीन महिन्यांत काही निघालं तर मजुरी लावत नाहीत.

हवेचा पंप दिवसभर बाहेरच असतो, दुकान बंद असलं तरी. हवा आपली आपण भरायची, पैसे घेत नाहीत.