जुना टीव्ही २४ हजारांना, नवा साडेएकोणतीसला: घ्यायचा कुठला?

गोव्यात पर्वरी, फोंडा किंवा मडगावात भाड्याच्या घरात संसार मांडताना टीव्ही, एसी, फोन, लॅपटॉप सेकंड हँड घ्यावा की नवा, हा प्रश्न येतोच. उत्तर वस्तूगणिक बदलतं. विकणाऱ्याने सांगितलेला भाव मात्र बहुतेक वेळा चढाच असतो.

टीव्हीचंच घ्या. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. समजा कुणी त्याआधी ४३ इंची टीव्ही ३२ हजारांना घेतला. त्यातली मूळ किंमत २५ हजार, बाकी कर. आज त्याच मूळ किमतीवर १८ टक्के धरले तर २९,५०० होतात, तेही दुकानदाराने एक पैसा न सोडता. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर म्हापशातल्या दोन दुकानांत विचारलंत तर अजून खाली येईल. विकणारा म्हणतो, "जास्त वापरलेला नाही, ३२ चा २४ ला देतोय." त्याच्या हिशेबाने त्याने ८ हजार सोडले. तुमच्या हिशेबाने वाचतात ५,५००, त्यातून टेम्पोचं भाडं आणि भिंतीवर बसवण्याची मजुरी जाते, आणि वॉरंटी नाही ती नाहीच. अशा टीव्हीला मी १५ हजारांच्या वर जाणार नाही. तेवढ्यात मिळत नसेल तर सरळ नवा घ्यावा.

विकणारा लबाड असतो असं नाही. त्याने वस्तू हप्त्यांवर घेतलेली असते, व्याज भरलेलं असतं, वर स्टॅबिलायझर आणि वाढीव वॉरंटीचे पैसेही मोजलेले असतात. हे सगळं त्याच्या डोक्यातल्या किमतीत बसलेलं असतं. शिवाय वस्तू आपली झाली की ती आपल्याला जास्त मोलाची वाटते. कानेमान, नेच आणि थेलर या अभ्यासकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग दिले. ते विकायला त्यांनी जो भाव मागितला, तो मग नसलेले जेवढे द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट होता. आणखी एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. भाव ठरवताना विकणारा इतरांच्या जाहिराती पाहतो. रास्त भावाची वस्तू लगेच उचलली जाते, तिची जाहिरात उतरते. मागे उरतात त्या महागामुळे पडून राहिलेल्या वस्तू, आणि त्यांचाच भाव बाजारभाव वाटू लागतो.

एसी जुना घेऊच नका, निदान किनारपट्टीतल्या घरातला तरी. खात्री करायची तर बाहेरच्या युनिटमागे जाऊन टॉर्च मारा. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसते का बघा, बोट लावल्यावर पत्रा चुरतोय का बघा. खाऱ्या हवेने पोखरलेली कॉईल आतून गॅस सोडते. भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल याची खात्री कुणी देत नाही. वीजबचतीच्या स्टारचं लेबलही वर्ष पाहूनच वाचा. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले, तेव्हा त्याआधीचा फाइव्ह स्टार एक पायरी खाली आला. काढण्या-बसवण्याचा खर्च धरला की जुन्याची स्वस्ताई तिथेच संपते.

फोनचं गणित वेगळं. आयफोन १६ हा सप्टेंबर २०२४ मध्ये ७९,९०० ला आला. वर्षभराने १७ आला तेव्हा १६ ची किंमत ६९,९०० झाली. म्हणजे वरचे १० हजार विकणाऱ्याचे बुडाले, ते तुम्ही भरून द्यायचे कारण नाही. घासाघीस ६९,९०० पासून, किंबहुना त्या दिवशीच्या दुकानातल्या भावापासून खाली सुरू करा. बॅटरीची क्षमता (सेटिंग्जमधली बॅटरी हेल्थ) ८० टक्क्यांच्या आसपास असेल तर नवी टाकायचा खर्च वजा करा, चार्जिंगच्या खाचेत हिरवट गंज बघा, आणि बिल मागा. आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. एवढं जुळलं तर जुना फोन घ्यायला माझी ना नाही.

लॅपटॉपमध्ये तर मी जुन्याच्या बाजूने आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्यामुळे इथे नव्याची किंमत पडेल असं धरून चालता येत नाही. कंपन्यांनी वापरून विकायला काढलेले, बिलासह मिळणारे दणकट लॅपटॉप घ्या. अट एकच: इंटेलचा असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरना घेत नाही.

घाई नसेल तर मे महिन्यापर्यंत थांबा. पर्यटनाचा हंगाम ओसरतो, पावसाआधी बरेच भाडेकरू खोल्या सोडतात. सामान गावी न्यायचं तर भाडं परवडत नाही आणि घरमालकाला चावी द्यायची तारीख ठरलेली असते. अशा वेळी आपला आकडा सांगून नंबर देऊन या. चार दिवसांनी त्यांचाच फोन येण्याची शक्यता बरीच असते.